दुरुस्तीनंतर तापणारी मोटार

शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीच्या जागीं मालमोटार येऊन उभी राहिली, त्यासहि आतां बराच काळ लोटला. बैलाची प्रकृति आपण त्याच्या डोळ्यांवरून, कानांवरून आणि रवंथावरून ओळखतों. मोटारीची प्रकृति ओळखण्याची विद्या मात्र मिस्त्रीवर सोंपवून आपण मोकळे होतों. गाडी तापूं लागली म्हणजे मिस्त्री सांगेल तो भाग बदलावयाचा आणि तो मागेल तें बिल द्यावयाचें, असा आपल्यांत रिवाजच पडून गेला आहे. या रिवाजाची किंमत आम्हीं स्वतः मोजली आहे. ती मोजल्यावर जें शिकलों तें वाचक बंधूंपुढें ठेवावें, म्हणून हा लेख. मोटार रस्त्यांत बंद पडली, तिची दुरुस्ती झाली, आणि त्यानंतरहि इंजिन तापत राहिलें, तर कारण कसें शोधावें, एवढाच त्याचा विषय आहे.

घाटांतील तीन किलोमीटर

हकीकत एका एप्रिल महिन्यांतली आहे. हापुसाच्या चाळीस पेट्या घेऊन आम्ही रत्नागिरीकडून कोल्हापूरच्या बाजारास निघालों होतों. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा हीं गांवें मागें पडलीं आणि आंबा घाटाची चढण लागली. बरीच चढण चढून गेल्यावर गाडीच्या तक्त्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ उष्णतेचा कांटा वर सरकूं लागला. चालक म्हणाला, "काका, बाजूला घेतों." आम्ही म्हणालों, "माथा तीन किलोमीटर राहिला आहे. तेवढें जाऊं या. वर सावली आहे, मिस्त्रीहि मिळेल." चालकानें आमचा मान राखला. माथा दिसूं लागला, तोंच बोनेटखालून वाफेचा लोट उसळला आणि इंजिन आपण होऊन बंद पडलें.

पाण्याच्या पंपाचें बेअरिंग अडकलें होतें आणि त्यामुळें पट्टा तुटला होता. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर हे दोन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून बॅटरीचा दिवा लागणें आणि उष्णतेचा कांटा चढणें या दोन खुणा एकत्र दिसल्या तर पट्टा गेला असें बहुधा समजावें, आणि त्याच क्षणीं गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. चालकास मात्र अंदाज होता, आणि आम्हीं त्याचें ऐकलें नाहीं.

पेट्या दुसऱ्या गाडींत भरून बाजारांत पोचेपर्यंत सौदे होऊन गेले होते. आमची गाडी ओढून एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथें नवा पंप बसला, नवा पट्टा चढला, नवें पाणी भरलें. रिकामी गाडी घाट उतरून घरीं सुखरूप आली. पण आठ दिवसांनीं भरल्या पेट्यांनिशीं घाट चढतांना कांटा पुन्हां वर गेला. या खेपेस आम्हीं वेळेवर थांबलों. मग थर्मोस्टॅट बदलला, ताप राहिला. रेडिएटर बदलला; ताप राहिला. तीन बिलें झालीं आणि हंगाम सरत आला.

शेवटीं एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं बोनेट उघडण्यापूर्वींच विचारलें, "काका, गाडी किती तापते तें राहूं द्या. केव्हां तापते तें सांगा. उभी असतांना, पळतांना, चढतांना, कीं सुरू केल्या केल्या?" आम्हांस नीट उत्तर देतां येईना. आम्हीं फक्त कांटा पाहिला होता. वेळ पाहिलीच नव्हती. या एका प्रश्नांत निदानाचें अर्धें शास्त्र आहे. तें समजण्यासाठीं इंजिनांतील उष्णतेचा मार्ग आधीं पाहूं.

उष्णता जाते कोणत्या वाटेनें

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं, ढोबळ मानानें, एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामीं येते. एक तृतीयांश धुराड्यावाटें निघून जाते. उरलेली बहुतेक उष्णता इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. पंप हें पाणी फिरवितो. इंजिन थंड असतांना थर्मोस्टॅट नांवाची झडप रेडिएटरकडील वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरतें. पुष्कळ गाड्यांत ही झडप ८२ ते ८८ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान उघडूं लागते. तिच्यांतील मेण वितळून फुगतें आणि झडप ढकलतें. मग पाणी रेडिएटरांत येतें, वाऱ्यानें थंड होतें आणि परत इंजिनांत जातें.

या साखळींत झाकणाचेंहि मोठें काम आहे, आणि तेंच सर्वांत दुर्लक्षिलें जातें. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांस उकळतें, आणि दर ३०० मीटर उंचीमागें तो बिंदु सुमारें एक अंशानें खालीं येतो. उलट दाब वाढला कीं तो वर जातो. दर चौरस इंचास १५ पौंडांचा दाब धरणारें झाकण असेल, तर आंतील साधें पाणीहि सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर फाटलें, तर हा सारा लाभ जातो. बाकीची सर्व यंत्रणा निर्दोष असूनहि गाडी घाटांत पाणी ओकते. म्हणून नव्या झाकणावरील दाबाचा आंकडा जुन्याशीं ताडून पाहावा. केवळ आट्यांत बसतें म्हणून कोणतेंहि झाकण लावूं नये.

पहिला प्रश्न : केव्हां?

गाडी उभी असतांना किंवा बाजाराच्या गर्दींत हळू चालतांना तापते, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतांच थंड होते, असें असेल तर दोष वाऱ्याचा समजावा. वेगांत धांवतांना समोरचा वारा रेडिएटरास आपोआप मिळतो. उभ्या गाडीस तो पंख्यानेंच द्यावा लागतो. पंखा विजेचा असेल तर तो ठरलेल्या उष्णतेस सुरू होतो कीं नाहीं तें पाहावें. पट्ट्यावरचा असेल तर त्याचा क्लच सरकत नाहीं ना, हें तपासावें. रेडिएटराच्या जाळींत चिखल, किडे आणि भुसा अडकला नाहीं ना, हेंहि पाहावें. १९०१ सालीं नीस येथील शर्यतींत गाजलेल्या मर्सिडीज मोटारीस विल्हेल्म मायबाख यांनीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला होता. त्यांत आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. एवढा खटाटोप कशासाठीं, तर वाऱ्यास स्पर्श करणारा पृष्ठभाग वाढावा म्हणून. तीं बारीक छिद्रें आपणच चिखलानें बुजूं दिलीं, तर त्या कल्पनेचा उपयोग काय?

उभी असतांना गाडी शांत, पण वेगांत किंवा भार घेऊन चढतांना तापते, असें असेल तर वारा पुरतो आहे, पाणी पुरत नाहीं. रेडिएटर आंतून क्षारानें बुजला असेल. खालची रबरी नळी जुनी होऊन मऊ पडली, तर पंपाच्या ओढीनें ती वेगांत चिमटते; गाडी उभी केली कीं पूर्ववत् होते, म्हणून हा दोष कारखान्यांत दिसत नाहीं. पंपाचें आंतलें चक्र झिजलें किंवा दांडीवर सैल झालें असेल. ब्रेक पूर्ण सुटत नसेल आणि इंजिन विनाकारण ओढत असेल. आणि शेवटचें कारण म्हणजे हेडचें गॅस्केट. त्याविषयीं पुढें स्वतंत्र लिहिलें आहे.

थंड गाडी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत, भार नसतांनाहि कांटा चढतो, असें असेल तर पाणी फिरतच नाहीं असें समजावें. थर्मोस्टॅट मिटलेला राहिला असेल, पंप फिरत नसेल, किंवा आंत हवेचा गोळा अडकला असेल. अशा वेळीं इंजिन तापलेलें असूनहि रेडिएटराकडे जाणारी नळी थंड लागते. मात्र हात लावण्यापूर्वीं पंखा आणि पट्टा यांपासून बाही, उपरणें आणि बोटें दूर ठेवावीं. विजेचा पंखा इंजिन बंद असतांनाहि अचानक फिरूं लागतो, हें विसरूं नये.

चौथा प्रकार असा कीं कांटा चढतो, पण वाफ नाहीं, वास नाहीं, पाणी घटत नाहीं. तेथें कांटाच खोटें बोलत असेल. दुरुस्तींत उष्णता मोजणाऱ्या सेन्सरची तार सैल राहिली असेल. दुरून उष्णता मोजणारें अवरक्त तापमापक हल्लीं पुष्कळ कारखान्यांत असतें. तें थर्मोस्टॅटच्या घरावर धरून खरी उष्णता पाहावी आणि मगच भाग बदलावे. याच्या उलटहि घडतें, आणि तें अधिक घातक आहे. सारें पाणी निघून गेलें म्हणजे सेन्सर कोरडा पडतो आणि कांटा खालीं येतो. कांटा एकाएकीं उतरला म्हणून आनंद मानूं नये. आधीं पाणी पाहावें.

दुरुस्तीनेंच उत्पन्न होणारे दोष

दुरुस्तीपूर्वीं गाडी तापत नव्हती आणि दुरुस्तीनंतर तापूं लागली, तर जेथें हात लागला तेथेंच आधीं पाहावें. शेतांत पाट फुटला तर आपण प्रथम काल जेथें कुदळ मारली तेथें जातों. तोच न्याय येथें आहे.

पहिला आणि सर्वांत सामान्य दोष हवेचा. पाणी पूर्ण काढून पुन्हां भरलें कीं इंजिनाच्या उंच जागीं हवा कोंडून राहते, आणि ती पाण्याची वाट अडविते. विहिरीवरचा पंप फुटव्हॉल्व्हमधून पाणी उतरल्यावर जसा नुसता फिरत राहतो, तसाच प्रकार येथें होतो. उपाय सोपा आहे. गाडीचें तोंड थोड्या उंचवट्यावर ठेवावें. केबिनचा हीटर पूर्ण उष्णतेवर लावावा, म्हणजे त्याच्या नळ्यांतूनहि पाणी फिरेल. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून हळूहळू पाणी भरावें. मग इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडूं द्यावा, गाडी पूर्ण थंड होऊं द्यावी, आणि घटलेलें पाणी पुन्हां भरावें. एका भरण्यानें काम झालें असें मानूं नये. पहिल्या दोन दिवसांत थंड इंजिनावर पातळी पुन्हां पाहावी.

दुसरा दोष भाग उलटा बसण्याचा. थर्मोस्टॅटची मेणाची बाजू इंजिनाकडे असावी लागते. ती उलटी बसली तर झडप वेळेवर उघडत नाहीं. झडपेस हवा निसटण्याचें बारीक छिद्र असेल तर तें वरच्या बाजूस यावें. विजेच्या पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर पंखा वारा ओढण्याऐवजीं समोरच्या वाऱ्याशीं झुंजतो. लांब पट्टा चुकीच्या वाटेनें घातला तर पंप उलटा फिरतो. पंख्याभोंवतींचें प्लास्टिकचें कडें 'नंतर लावूं' म्हणून कारखान्याच्या कोपऱ्यांत राहिलें, तर पंखा आजूबाजूची गरम हवाच पुन्हां पुन्हां फिरवितो.

तिसरा दोष लेपाचा. जोडांतून पाणी गळूं नये म्हणून कांहीं कारागीर चिकट लेप सढळ हातानें लावतात. तो आंत सुटून रेडिएटराच्या बारीक नळ्यांत बसतो. गळती बंद करणाऱ्या पुड्यांचाहि तोच परिणाम होतो. मार्गांत अडकल्यावर त्यांचा तात्पुरता आधार घ्यावा. घरीं पोचल्यावर तेंच औषध समजूं नये.

येथें एका प्रचलित समजुतीविषयीं स्पष्ट लिहिणें आवश्यक आहे. 'आपला प्रदेश उष्ण, येथें थर्मोस्टॅट हवा कशाला?' असें म्हणून पुष्कळ ठिकाणीं तो काढूनच टाकतात. त्यामुळें इंजिन पुरेशी ऊब धरीत नाहीं, तेल लवकर खराब होतें आणि झीज वाढते. शिवाय कांहीं इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांना दुसरी आडवाट बंद करतो. तो नसला म्हणजे ती आडवाट उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरास टाळून परत इंजिनांतच फिरतें, आणि गाडी अधिकच तापते. थर्मोस्टॅटविषयीं संशय असेल तर तो एका भांड्यांतील पाण्यांत टांगून, तापमापक ठेवून पाणी तापवावें. आपल्यावर लिहिलेल्या अंशाजवळ तो उघडला आणि थंड होतांच मिटला, तर त्यास दोष देऊं नये. ही परीक्षा चुलीवर होते. तीस बिल लागत नाहीं.

सकाळची नळी आणि निळें द्रावण

आतां आमच्या गाडीकडे वळूं. वृद्ध मिस्त्रींनीं झाकण, पंखा, नळ्या आणि पट्टा पाहिला. सर्व ठीक होतें. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट तर नवेच होते. मग त्यांनीं विचारलें, "पट्टा तुटल्यावर गाडी किती चालविली?" पहिल्या कारखान्यांतहि आम्हांस हाच प्रश्न विचारला होता, आणि तेथें आम्ही संकोचानें म्हणालों होतों, "लगेच थांबलों." या खेपेस चालकानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खरें सांगितलें : लाल रेषेच्या वर, भरल्या गाडीनें, चढणीवर, तीन किलोमीटर. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. "गाडी रात्रभर येथेंच राहूं द्या," एवढेंच ते म्हणाले.

सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतांना त्यांनीं पाणी भरून झाकण घट्ट बसविलें आणि गाडी सुरू केली. दोन मिनिटांत त्यांनीं आमचा हात वरच्या रबरी नळीवर ठेवला. इंजिन अजून जेमतेम कोमट होतें, आणि नळी मात्र दगडासारखी टणक झाली होती. पाणी तापून दाब यावा इतका वेळ झालाच नव्हता. मग हा दाब आला कोठून? तो सिलिंडरांतील जळत्या वायूचा होता. गॅस्केटमधून वाट काढून तो पाण्यांत शिरत होता.

नंतर इंजिन पुन्हां थंड होऊं देऊन त्यांनीं दुसरी परीक्षा केली. झाकण काढून, पाण्याची पातळी थोडी खालीं घेऊन, रेडिएटराच्या तोंडावर एक काचेची नळी बसविली. तींत निळें द्रावण होतें. रबरी फुग्यानें आंतील हवा त्यांतून ओढतात. जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड त्यांत आला तर निळा रंग पालटून पिवळा होतो. डिझेलच्या इंजिनांत तो पुष्कळदां हिरवट पिवळाच राहतो. आमच्या डोळ्यांदेखत निळा रंग हिरवट पिवळा झाला. यापुढें अंदाजाचें कारण उरलें नाहीं.

हेड उतरविल्यावर त्याच्या तळावर सरळ पोलादी पट्टी ठेवून फटींत फीलर गेजचीं पातीं घातलीं. पुष्कळ इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरांहून अधिक वांक चालत नाहीं. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेली असते. आमचें हेड त्या मर्यादेबाहेर गेलें होतें. कारण उघड आहे. हेड ॲल्युमिनियमचें, खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियम त्याच उष्णतेनें लोखंडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. बोल्टांनीं जखडलेलें हेड फुगूं पाहतें, त्यास जागा मिळत नाहीं, आणि तें वांकतें. तापलेल्या इंजिनाचे तीन किलोमीटर त्यास पुरेसे झाले.

मग तें फक्त घाटांतच कां तापे? सपाटीवर रिकामी गाडी चालतांना सिलिंडरांतील दाब कमी असतो आणि वायु थोडाच निसटतो. भार घेऊन चढतांना दाब वाढतो, वायूचे बुडबुडे पाण्यांत सुटतात, पाणी बाहेर लोटलें जातें, आणि पंप फेस फिरवीत राहतो. तेलांत दुधासारखा रंग दिसला नाहीं म्हणून गॅस्केट ठीक आहे, असेंहि मानूं नये. आमचें तेल स्वच्छच होतें; कारण वायूनें केवळ पाण्याकडची वाट फोडली होती, तेलाकडची नव्हे.

पहिल्या कारागिरांची दुरुस्ती खोटी नव्हती. ती अर्धी होती. त्यांनीं तापाचें कारण दूर केलें, पण त्या तापानें केलेली इजा पाहिली नाहीं. आणि ती त्यांनीं पाहावी कशी, जेव्हां आम्हींच ती त्यांच्यापासून लपविली होती? तें एक वाक्य खरें बोललों असतों तर थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि हंगामाच्या खेपा वांचल्या असत्या. वैद्यापासून पथ्य मोडल्याचें लपवूं नये, असें आपले वडील सांगत; मिस्त्रीपासूनहि लपवूं नये.

हेडचें तोंड यंत्रावर सपाट करून घेतलें, त्यास तडा नाहीं याची दाबानें परीक्षा केली, नवें गॅस्केट घातलें, आणि बोल्ट मधून बाहेर या क्रमानें, पुस्तकांतील मापाप्रमाणें आवळले. कांहीं इंजिनांचे बोल्ट एकदां ताणले कीं पुन्हां वापरतां येत नाहींत. तेथें नवेच घ्यावे. त्यानंतर तीच गाडी तेवढ्याच पेट्या घेऊन तोच घाट चढली, आणि कांटा मध्यावरून हलला नाहीं.

मार्गांत कांटा चढला तर

एअर कंडिशनर असल्यास बंद करावा आणि केबिनचा हीटर पूर्ण लावावा. बसणारांस त्रास होतो, पण इंजिनाची थोडी उष्णता कमी होते. तरीहि कांटा उतरत नसेल तर गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. पट्टा शाबूत आहे, पाणी गळत नाहीं, नुसती चढणीची धाप आहे, असें दिसलें तर भार काढून मिनिट दोन मिनिटें इंजिन मंद चालूं द्यावें. पट्टा तुटला असेल, पाणी वाहून गेलें असेल किंवा वाफ येत असेल, तर विलंब न लावतां इंजिन बंद करावें.

गरम रेडिएटराचें झाकण कोणत्याहि कारणानें उघडूं नये. आंतील पाणी १०० अंशांच्या वर असूनहि केवळ दाबामुळें उकळलेलें नसतें. झाकण फिरवितांच तें एकदम वाफ होऊन तोंडावर उसळतें. वरची नळी हातास थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबावें. त्यास तास लागला तरी चालेल. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये; धातूस तडा जातो.

पाण्याविषयींहि एक सूचना. देशावरील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. तें इंजिनांत घातलें कीं तांब्याच्या हंड्यास आंतून बसतो तसा थर इंजिनाच्या आंतहि बसतो, आणि तो थर उष्णता अडवितो. म्हणून गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट आणि शुद्ध केलेलें पाणी सांगितलेल्या प्रमाणांतच घालावें. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्में निम्में मिसळलें तर दाबावांचूनहि तें १०७ अंशांच्या आसपास उकळतें, आणि त्यांतील औषधें धातूस गंजूं देत नाहींत. मात्र हें द्रव्य चवीस गोड आणि विषारी आहे. काढलेलें कूलंट गोठ्याजवळ, अंगणांत किंवा पाटांत ओतूं नये. कुत्रीं आणि गुरें तें चाटतात व प्राणांस मुकतात. डबा मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा कुलुपांत ठेवावा.

ट्रॅक्टरासहि हाच नियम

वर लिहिलेलें सर्व ट्रॅक्टरास लागू आहे. किंबहुना अधिक लागू आहे. रोटाव्हेटर ओढणारा ट्रॅक्टर पूर्ण भारावर असतो आणि पावलांच्या गतीनें चालतो. समोरचा वारा त्यास नसतोच. सारी भिस्त पंख्यावर असते. मळणीच्या दिवसांत भुसा जाळीवर बसला कीं तासाभरांत कांटा चढतो. म्हणून हंगामांत जाळी रोज झाडावी. हवेचा किंवा पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूनें बाहेर मारावा, म्हणजे भुसा आंत रुतत नाहीं; झोत जोराचा नसावा, नाहींतर पातळ पत्रे वांकतात.

शेवटीं एक लहान विनंति. प्रत्येक गाडीमागें एक वही ठेवावी. तींत तारीख, किती किलोमीटर चालली, भार किती होता, पाणी किती घातलें, आणि कांटा चढला तर तो केव्हां चढला, एवढेंच लिहावें. गळती दिसत नसतांना वरचेवर पाणी घालावें लागतें, ही गोष्ट वहीच प्रथम सांगते. दुभत्या गाईच्या दुधाची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्यास हें कठीण नाहीं.

भाग बदलण्यापूर्वीं प्रश्न विचारावा, स्वस्त परीक्षा आधीं आणि महाग परीक्षा नंतर करावी, आणि घडलें तें मिस्त्रीस जसेंच्या तसें सांगावें. आमची वही त्या दिवसापासून सुरू झाली. तिच्या पहिल्या पानावर आम्हीं आंबा घाटांतील ते तीन किलोमीटर स्वतःच्या हातानें लिहून ठेवले आहेत.